आधी इफेक्टिव्ह डेट, मग पेशंट : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, की टेक्सासमधे स्वतःचं क्लिनिक काढणाऱ्यांनी जागेच्या लीजवर सही करायच्या आधी इन्शुरन्स एन्रोलमेंटचं, म्हणजे इन्शुरन्स कंपन्यांकडे नाव नोंदवायचं बघा. त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच देतेय. मी ह्यूस्टनमधे गेली १७ वर्षं डॉक्टरांचं आणि थेरपिस्टचं क्रेडेन्शियलिंग करते, त्यामुळे हा विषय माझा रोजचाच. पत्रं थोडी कापली आहेत, नावं काढली आहेत.

प्रश्न : ताई नमस्कार. मी इंटरनल मेडिसिनची डॉक्टर, केटीला राहते. सहा वर्षं एका मोठ्या ग्रुपमधे नोकरी केली, आता दोन महिन्यांनी स्वतःचं क्लिनिक सुरू करतेय. मला वाटत होतं मी सगळ्या इन्शुरन्समधे आहेच, एनपीआय (डॉक्टरचा सरकारी ओळख क्रमांक) आहे, सीएक्यूएच (प्लॅन्सना बघता येणारी डॉक्टरची ऑनलाइन फाईल) आहे, बोर्ड सर्टिफाइड (स्पेशालिटीची परीक्षा पास) आहे, फक्त पत्ता बदलला की झालं. पण बिलिंगवाला म्हणतो चार महिने लागू शकतात. आमच्या ग्रुपमधे नवीन डॉक्टर तर आल्या आल्या पेशंट बघायला लागायचे! मग मलाच का थांबायचं?

उत्तर : बिलिंगवाला बरोबर सांगतोय, आणि तुमचा गैरसमज मी जवळजवळ प्रत्येक नवीन क्लिनिकवाल्यांकडून ऐकते, कारण नोकरीत असताना हे सगळं कोणीतरी पडद्यामागे करत असतं आणि डॉक्टरला फक्त सही मागतात.

यात दोन वेगळी कामं आहेत. क्रेडेन्शियलिंग म्हणजे तुम्ही कोण आहात, लायसन्स खरं आहे का, रेसिडेन्सी कुठे झाली, मालप्रॅक्टिसचे (चुकीच्या उपचाराचे) दावे आहेत का, हे प्लॅनने, म्हणजे इन्शुरन्स कंपनीने, मूळ ठिकाणी विचारून तपासणं. एन्रोलमेंट आणि काँट्रॅक्टिंग म्हणजे तपासून झाल्यावर अमुक टॅक्स आयडीखाली (व्यवसायाचा कर क्रमांक), अमुक पत्त्यावर, अमुक तारखेपासून तुम्हाला पैसे द्यायचे हे ठरणं. तुम्ही आजवर 'इन्शुरन्समधे' होतात त्या ग्रुपच्या टॅक्स आयडीखाली, ते काँट्रॅक्ट ग्रुपचं होतं. तुम्ही बाहेर पडलात की ते मागेच राहतं. तुमच्याबरोबर येतं ते फक्त तुमचं लायसन्स, तुमचा एनपीआय आणि सीएक्यूएचमधली तुमची माहिती.

आता क्रमाने सांगते. तुमची पीएलएलसी (क्लिनिकची कंपनी) झाली की आयआरएस या कर खात्याकडून टॅक्स आयडीचं पत्र येतं, सीपी ५७५ म्हणतात, ते जिवापाड जपा. त्या पत्रावर कंपनीचं नाव जसं छापलंय तस्संच, स्वल्पविरामासकट, प्रत्येक फॉर्मवर आणि बँक खात्यावर आलं पाहिजे. कितीतरी अर्ज फक्त या एका गोष्टीवर परत आलेले मी बघितलेत, पत्रात शेवटी पीएलएलसी आहे आणि बँकेने खातं उघडताना ते गाळलंय, एवढंच. मग कंपनीसाठी टाइप २ एनपीआय काढा. तुमचा स्वतःचा १० आकडी एनपीआय टाइप १, तो जन्मभर तोच राहतो. दोन्ही फुकट मिळतात, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

सीएक्यूएचमधे नवीन क्लिनिकचा पत्ता, फोन, नवीन मालप्रॅक्टिस पॉलिसीचं सर्टिफिकेट घाला, प्लॅन्सना बघायची परवानगी दिलीय का ते तपासा आणि अटेस्ट करा, म्हणजे ही माहिती खरी आहे असं बटण दाबून सांगा. ते अटेस्टेशन दर १२० दिवसांनी परत करावं लागतं, आणि तेच लोक विसरतात! अर्ज तिकडे प्लॅनच्या टेबलावर असताना इकडे अटेस्टेशनची मुदत संपली की फाईल तिथेच थांबते, बऱ्याचदा कोणी फोन करून सांगतही नाही.

मेडिकेअरसाठी (मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी इन्शुरन्स) त्यांच्या पेकोस या ऑनलाइन सिस्टिममधून ८५५ आय फॉर्मची माहिती जाते, पीएलएलसीच्या मालक तुम्ही एकट्याच असाल तर क्लिनिकचीही त्यातच, नाहीतर क्लिनिकचा ८५५ बी वेगळा, पैसे थेट बँकेत यायला ५८८ नंबरचा फॉर्म लागतो. टेक्सासचं काम मेडिकेअरने नेमलेली नोव्हिटास ही कंपनी बघते. मेडिकेअरची तारीख कशी ठरते हे मात्र नीट समजून घ्या. अर्ज आला तो दिवस आणि तुम्ही त्या जागी काम सुरू केलंत तो दिवस, या दोन्हीत जो नंतरचा तो धरतात, आणि त्याच्या मागचे ३० दिवस बिल करता येऊ शकतात. म्हणजे समजा क्लिनिक १ एप्रिलला उघडलं आणि अर्ज गेला २० मेला, तर तुम्ही फार तर २० एप्रिलपर्यंत मागे जाल, आधीचे १९ दिवस गेले ते गेलेच. उलट अर्ज सुरुवातीच्या ६० दिवस आधी भरता येतो. तुमच्या हातात दोन महिने आहेत ना, मग मेडिकेअरचं याच आठवड्यात करा. आणि नोव्हिटासने काही कागद मागितला तर ३० दिवसात उत्तर द्यायचं असतं, नाही दिलं तर अर्ज नाकारतात आणि परत भरलात की तारीखही नवीन धरतात. ते मेल स्पॅममधे जातं. रोज स्पॅम बघा.

प्रायव्हेट प्लॅनचं तसं नाही. तिथे बहुतेक वेळा मागची तारीख मिळत नाही. कमिटी बसते, मंजूर करते, काँट्रॅक्टवर दोघांच्या सह्या होतात, सिस्टिममधे नाव चढतं, मग पत्र येतं आणि त्यात इफेक्टिव्ह डेट असते, म्हणजे ज्या दिवसापासून प्लॅन तुम्हाला त्याच्या नेटवर्कमधल्या (करारातल्या) डॉक्टर धरतो ती तारीख. दोन ते चार महिने धरून चला. 'तुमचं क्रेडेन्शियलिंग अप्रूव्ह झालं' एवढंच लिहिलेलं मेल आलं म्हणून पेशंट घेऊ नका, त्याच्यापुढे काँट्रॅक्ट लोड व्हायचं असतं. तारीख छापलेलं पत्र हातात पाहिजे.

तुमच्या ग्रुपमधले नवीन डॉक्टर लगेच कसे बघायचे, हा प्रश्न छान विचारलात. टेक्सास इन्शुरन्स कोडच्या १४५२ व्या प्रकरणात एक्स्पिडाइटेड (जलद) क्रेडेन्शियलिंगची सोय आहे. ज्या ग्रुपचं त्या प्लॅनशी आधीच काँट्रॅक्ट आहे अशा ग्रुपमधे टेक्सासचं लायसन्स असलेला डॉक्टर नव्याने आला, प्लॅनने मागितलेले सगळे कागद दिले आणि काँट्रॅक्टच्या अटी मान्य केल्या, तर अर्ज चालू असतानाच पैसे देण्यापुरतं त्याला नेटवर्कमधला धरायचं. पुढे तपासणीत तो बसला नाही तर प्लॅन नेटवर्कमधल्या आणि नेटवर्कबाहेरच्या दरातला फरक परत मागू शकतो, पेशंटवर मात्र तो बोजा टाकता येत नाही. ही सोय चालू काँट्रॅक्ट असलेल्या ग्रुपसाठी आहे. तुमच्या नवीन पीएलएलसीकडे ते नाही म्हणून तुम्हाला मिळणार नाही. पण पुढे वर्षभराने तुम्ही दुसरी डॉक्टर घ्याल तेव्हा नक्की वापरा, आणि ती सोय मागावी लागते, आपोआप कोणी देत नाही.

काही जण म्हणतात पेशंट बघून ठेवू, क्लेम (प्लॅनला द्यायचं बिल) नंतर पाठवू. टेक्सासमधे प्रायव्हेट प्लॅनचे क्लेम साधारणपणे तपासल्यापासून ९५ दिवसात जावे लागतात, आणि क्लेम वेळेत गेला तरी सेवेच्या दिवशी तुम्ही नेटवर्कमधे नव्हतात हे बदलत नाही. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या डॉक्टरच्या नावावर बिल करणं. एका क्लिनिकमधे मी नवीन होते तेव्हा हे बघितलंय, आलेल्या डॉक्टरचं एन्रोलमेंट झालं नव्हतं आणि मला सांगण्यात आलं की तोवर मालक डॉक्टरांचा एनपीआय टाक. मी नाही टाकला, खूप बोलणी खाल्ली, पण क्लेमवर रेंडरिंग (प्रत्यक्ष तपासणारा) डॉक्टर म्हणून ज्याने तपासलं नाही त्याचं नाव घालणं हे खोटं बिल आहे, मेडिकेअरच्या बाबतीत ते थेट फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्टमधे जातं. 'इन्सिडेंट टू' नावाचा नियम (दुसऱ्याने केलेलं काम मूळ डॉक्टरच्या नावावर बिल करू देणारा) त्यासाठी पुढे करतात, पण त्यात मूळ डॉक्टरने पेशंट आधी स्वतः तपासून उपचाराची दिशा ठरवलेली असावी लागते आणि देखरेख असावी लागते, नवीन पेशंटला तो लागू होत नाही. त्या क्लिनिकने शेवटी नवीन डॉक्टरचे दहा आठवड्यांचे बरेचसे क्लेम सोडून दिले. तेवढ्या पैशात दोन नर्सचे पगार निघाले असते.

एखाद्या प्लॅनने 'आमचं पॅनल भरलंय', म्हणजे नवीन डॉक्टर नकोत, असं कळवलं तर गप्प बसू नका. पत्र लिहा. तुम्ही मराठी, हिंदी बोलता, संध्याकाळी उशिरापर्यंत क्लिनिक उघडं ठेवणार आहात, नवीन पेशंट लगेच घेताय, असं जे खरं असेल ते सगळं लिहा. सीएक्यूएचमधे भाषेचा रकाना असतो, तो लोक फालतू समजून मोकळा सोडतात. केटी, शुगरलँड भागात मुलांकडे राहणारे किती आजी आजोबा आहेत ज्यांना छातीत 'धडधड' आणि 'जळजळ' यातला फरक इंग्रजीत सांगता येत नाही, त्यांना तुम्ही सापडायला पाहिजे ना!

प्रश्न : ताई, मी अर्व्हिंगला पिडियाट्रिशियन म्हणून लागतेय. एमबीबीएस नागपूरहून १९९७ ला, तेव्हा माहेरचं नाव. लग्नात पहिलं नावसुद्धा बदललं. पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं, ईसीएफएमजीवर (परदेशी डॉक्टरांची पदवी तपासणारी संस्था) वडिलांचं, लायसन्सवर मधलं नावच नाही. शिवाय मी सात वर्षं एच फोर या डिपेंडंट व्हिसावर घरी होते, मुलं लहान होती, त्याचं काय लिहू कळत नाही, लाज वाटते. क्रेडेन्शियलिंगवाल्यांनी फाईल दोनदा परत पाठवलीय.

उत्तर : लाज कशाची? तुमचं पत्र वाचून मला माझ्याच फाईली आठवल्या. आपल्याकडच्या बायकांची नावं हा माझ्या कामातला सगळ्यात मोठा अडथळा आहे आणि इथल्या कुठल्याच ट्रेनिंगमधे तो शिकवत नाहीत. इथल्या माणसाला आडनाव बदलतं हे माहितीये, पण मधलं नाव हे बापाचं असतं आणि लग्नानंतर ते नवऱ्याचं होतं, वर पहिलंही बदलू शकतं, हे त्याच्या डोक्यातच येत नाही, त्याला समोर तीन वेगळ्या बायका दिसतात.

पहिलं काम, एक मुख्य नाव ठरवा. ते टेक्सासच्या लायसन्सवर आहे तेच ठेवा. मग सोशल सिक्युरिटी, लायसन्स, डीईए (नियंत्रित औषधं लिहून द्यायची नोंदणी), एनपीआय, सीएक्यूएच, मालप्रॅक्टिस पॉलिसी ही सगळी त्या एका नावावर आणा. एनपीआयमधला बदल ३० दिवसात कळवायचा असतो आणि तो ऑनलाइन होतो. आधीची सगळी नावं सीएक्यूएचमधे 'अदर नेम्स' मधे घाला, एकूण एक, स्पेलिंगच्या फरकासकट, आडनावाला शेवटी एक ई की दोन ई इतक्या बारकाईने, आणि कुठलं नाव कधीपासून कधीपर्यंत तेही. मग एक पानाचं पत्र करा, की माझं जन्मनाव हे, लग्नाची तारीख ही, त्यानंतर नाव हे, महाराष्ट्रात मधलं नाव वडिलांचं आणि लग्नानंतर नवऱ्याचं लावतात, सोबत विवाह नोंदणी दाखला आणि राजपत्रातलं नाव बदलल्याचं पान जोडलंय. दाखला मराठीत असेल तर सर्टिफाइड भाषांतर जोडा. हे पत्र सीएक्यूएचला कागदपत्रात अपलोड करून ठेवा आणि प्रत्येक नवीन अर्जाबरोबर न मागता पाठवा. मी असं करायला लागल्यापासून परत येणाऱ्या फाईली खूपच कमी झाल्या.

डिग्रीबद्दल सांगते. १९९७ ला तुम्हाला नागपूर विद्यापीठाची डिग्री मिळालीय, नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मधे सुरू झालं. तुमच्या नंतरच्या बॅचच्या मैत्रिणींचं बघून फॉर्मवर नाशिक लिहू नका, कागदावर जे आहे तेच लिहा. आणि इन्शुरन्स प्लॅनसाठी नागपूरला माणूस पाठवून मार्कशीटा काढायची गरज सहसा पडत नाही. बहुतेक प्लॅन एनसीक्यूए या दर्जा ठरवणाऱ्या संस्थेचे निकष पाळतात, त्यात शिक्षणाची सगळ्यात वरची पायरी तपासली की पुरतं, म्हणजे तुम्ही बोर्ड सर्टिफाइड असाल तर तेच. हॉस्पिटलच्या प्रिव्हिलेजेससाठी (तिथे पेशंटवर उपचार करायची परवानगी) मात्र जास्त मागतात, तिथे ईसीएफएमजीचं व्हेरिफिकेशन कामी येतं.

आता ती सात वर्षं. निकष असा आहे की मागच्या पाच वर्षांचा कामाचा इतिहास बघतात, सहा महिन्यांपेक्षा मोठी गॅप असेल तर खुलासा लागतो आणि वर्षापेक्षा मोठी असेल तर तो लेखी लागतो. कोणी तुमची परीक्षा घेत नाही, त्या काळात तुम्ही कुठे होतात एवढं कागदावर हवं असतं. तुमची सात वर्षं रेसिडेन्सीच्या आधीची असतील तर बऱ्याच प्लॅनना ती लागणारही नाहीत, तरी लिहून ठेवा. महिना आणि वर्ष घालून तीन ओळी : अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत मी डिपेंडंट व्हिसावर अमेरिकेत होते, त्या व्हिसावर कामाची परवानगी नव्हती, या काळात मुलांचं संगोपन आणि लायसन्ससाठीच्या यूएसएमएलई परीक्षेची तयारी केली. बास. एच फोरवर कामाचं परमिट मिळायची सोयच मुळी २६ मे २०१५ पासून आली आणि तीही सगळ्यांना नाही, जोडीदाराचं ग्रीन कार्डचं काम ठराविक टप्प्याला पोचलेलं असेल तर. त्यामुळे त्याआधीच्या कितीतरी डॉक्टर बायकांच्या फाईलीत ही गॅप आहे. ऑब्झर्व्हरशिप (डॉक्टरांचं काम नुसतं बघून शिकणं) केली असेल तर ती ऑब्झर्व्हरशिप म्हणूनच लिहा, नोकरी म्हणून लिहिलीत तर व्हेरिफाय होणार नाही आणि मग खोटं लिहिल्यासारखं होतं.

तुम्ही मुलांच्या डॉक्टर, म्हणून मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी इन्शुरन्सबद्दल दोन शब्द. टेक्सासमधे आधी राज्याकडे नाव नोंदवावं लागतं, टीएमएचपी (राज्यासाठी मेडिकेडचं काम बघणारी यंत्रणा) यांच्या पेम्स या ऑनलाइन सिस्टिममधून, जी डिसेंबर २०२१ पासून आलीय. ते झाल्यावर मग स्टार (मेडिकेड) किंवा चिप (मुलांचा इन्शुरन्स) या योजना चालवणाऱ्या प्रत्येक प्लॅनशी वेगळं क्रेडेन्शियलिंग आणि काँट्रॅक्ट. उलट्या क्रमाने गेलात तर प्लॅन फाईल बाजूला ठेवतो. लहान मुलांच्या चेकअपसाठी टेक्सास हेल्थ स्टेप्सचं एन्रोलमेंट वेगळं आणि सरकारी लशींसाठी टेक्सास व्हॅक्सिन्स फॉर चिल्ड्रेनचं वेगळं, ही दोन्ही तुमच्या क्लिनिकच्या मॅनेजरला पहिल्याच दिवशी विचारा. राज्याचं रिव्हॅलिडेशन (नोंदणीची फेरतपासणी) दर पाच वर्षांनी असतं, मेडिकेअरचंही तसंच.

प्रश्न : माझी बायको फिजिओथेरपिस्ट आहे, फ्रिस्कोला एका जिमच्या आत एक खोली भाड्याने घेऊन प्रॅक्टिस सुरू करतेय. मेडिकेअरचा अर्ज भरला. कोणीतरी न सांगता जागा बघायला येणार असं ऐकलं, टेन्शन आलंय. मेडिकेअर नकोच, ज्येष्ठांकडून कॅश घ्यावी, असं मी म्हणतोय. चालेल का?

उत्तर : कॅशचं आधी सांगते, नाही चालणार. डॉक्टर मेडिकेअरमधून 'ऑप्ट आउट' करून पेशंटशी खासगी करार करू शकतात, फिजिओथेरपिस्टला ती मुभा कायद्याने नाही. मेडिकेअर ज्या उपचाराचे पैसे देते तो उपचार मेडिकेअरच्या पेशंटला दिला तर एन्रोल होऊन क्लेम पाठवणं भाग आहे. मला स्वतःला हा नियम अन्यायाचा वाटतो, छोट्या प्रॅक्टिसला तो जड जातो, पण आज नियम हाच आहे.

न सांगता येणार हे खरं. मेडिकेअरने खासगी प्रॅक्टिसवाल्या फिजिओथेरपिस्टना मध्यम जोखमीच्या गटात ठेवलंय, त्या गटात जागेची पाहणी होते. येणारा माणूस ओळखपत्र दाखवतो, फोटो काढतो, जागा खरी आहे का, चालू आहे का, अर्जात लिहिलेल्या वेळात उघडी आहे का हे बघतो, उपचारांची तपासणी वगैरे करत बसत नाही. जिमच्या आतल्या खोलीत अडचण अशी होते की बाहेर फक्त जिमची पाटी असते, रिसेप्शनवरची मुलगी म्हणते इथे असं कोणी नाही, आणि तो माणूस 'जागा चालू नाही' असं लिहून निघून जातो. म्हणून दारावर आणि शक्य असेल तर इमारतीच्या बाहेर प्रॅक्टिसच्या नावाची पाटी आणि वेळ लावा, रिसेप्शनला लेखी सांगून ठेवा, सुइट नंबर लीजवर, अर्जावर आणि दारावर एकच असू दे. भाड्याच्या टपालपेटीचा पत्ता प्रॅक्टिसची जागा म्हणून चालत नाही. अर्जात सोमवार ते शुक्रवार लिहिलं असेल आणि ती फक्त मंगळवार, गुरुवारी जात असेल तर आजच दुरुस्त करा. पुढे जागा बदलली तर ३० दिवसात कळवायचं.

प्रश्न : मी पुण्यात खराडीला एका कंपनीत नाईट शिफ्टला क्रेडेन्शियलिंग करते, वय २४, बीफार्म. क्लायंट टेक्सासचे. आमच्याकडे डॉक्टरांचे पासवर्ड एका एक्सेल शीटमधे आहेत आणि आम्हीच अटेस्ट बटण दाबतो. मला आतून बरोबर वाटत नाही. आणि यात पुढे काही करिअर आहे का? घरचे म्हणतात हे नुसतं फॉर्म भरायचं काम.

उत्तर : तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस म्हणून तू म्हणते. तुला जे आतून वाटतंय ते अगदी बरोबर आहे. त्या बटणाच्या वर लिहिलेलं असतं की ही माहिती मी वाचली आणि ती खरी आहे, ते 'मी' म्हणजे डॉक्टर. त्यात त्याच्यावर कारवाई झाली का, व्यसन आहे का, दावा लागला का, असे प्रश्न असतात, ज्यांची उत्तरं खराडीत बसून तुला माहीत असणं शक्य नाही. तू माहिती भरून ठेव, कागद लाव, मग डॉक्टरला मेल कर की तयार आहे, तपासा आणि अटेस्ट करा. मेडिकेअरकडे तर यासाठी रीतसर सोय आहे, त्यांच्या आय अँड ए या लॉगिनच्या सिस्टिममधे डॉक्टर तुमच्या कंपनीला सरोगेट (प्रतिनिधी) म्हणून नेमू शकतो, मग तू तुझ्या स्वतःच्या लॉगिनने पेकोसमधे काम करतेस, आणि ८५५ आयवरची सही मात्र डॉक्टरच करतो. टीम लीडला हे दाखव, लेखी मेलवर विचार. त्या एक्सेलमधे डॉक्टरांचा सोशल सिक्युरिटी नंबर आणि जन्मतारीखही असणार, त्या शीटचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी फिरवत असेल तर आधी ते थांबवा.

नुसतं फॉर्म भरायचं काम असतं तर तुझ्या एका चुकीने एखाद्या क्लिनिकचे तीन महिन्यांचे पैसे अडकले नसते, हे घरी सांग. या कामात सीपीसीएस नावाचं सर्टिफिकेशन आहे, नॅम्स ही संस्था देते, अनुभवाची अट बघून परीक्षेला बस. रोजच्या कामात तुझ्याकडे दोन सवयी पाहिजेत. प्रत्येक फोनचा रेफरन्स नंबर, बोलणाऱ्याचं नाव, वेळ लिही, कारण 'पेंडिंग' हे उत्तर नाही, कोणाकडे पेंडिंग आणि काय कमी आहे हे विचारायचं. आणि टेक्सासचे फोन उन्हाळ्यात तुमच्या संध्याकाळी साडेसहाला सुरू होतात, पहाटे साडेतीनला बंद, नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की एक तास पुढे सरकतात. शिफ्टच्या सुरुवातीलाच फोन लाव, फाईली भरायचं काम पहाटेला ठेव. लोक नेमकं उलटं करतात.

प्रश्न : आम्ही पेशंट आहोत, डॉक्टर नाही. प्लेनोला राहतो. इन्शुरन्सच्या वेबसाइटवर डॉक्टरचं नाव होतं, क्लिनिकमधे फोन करून विचारलं तुम्ही अमुक इन्शुरन्स घेता का, ते हो म्हणाले, आणि आता नेटवर्कबाहेरचं भलंमोठं बिल आलंय. काय करायचं?

उत्तर : क्लिनिक 'घेतो' म्हणालं ते कदाचित खोटं नसेल, नेटवर्कबाहेर असूनही क्लेम पाठवणारे 'घेतो'च म्हणतात. विचारायचं असं, की हे डॉक्टर, या पत्त्यावर, माझ्या या प्लॅनच्या नेटवर्कमधे आहेत का, आणि कधीपासून. कारण वर एवढं लिहिलं तसं, एन्रोलमेंट त्या डॉक्टरचं, त्या टॅक्स आयडीचं, त्या जागेचं असतं. क्लिनिकचे जुने डॉक्टर आत असतील आणि तुम्हाला मिळालेले नवीन डॉक्टर अजून नसतील.

तुमच्या बाजूने एक चांगली गोष्ट आहे. १ जानेवारी २०२२ पासून नो सरप्राइजेस अ‍ॅक्ट लागू आहे, त्यात प्लॅनने आपली डिरेक्टरी दर ९० दिवसांनी तपासायची असते, आणि डिरेक्टरीत चुकीचं असल्यामुळे तुम्ही तिथे गेलात तर तुमच्याकडून नेटवर्कमधल्या दराइतकाच वाटा घेता येतो. जास्त भरलं असेल तर क्लिनिकने व्याजासकट परत करायचं. भारतातून येणाऱ्या आई-वडिलांच्या व्हिजिटर इन्शुरन्सला मात्र हा कायदा धरू नका. बिल लगेच भरू नका, आधी प्लॅनला फोन करा, डिरेक्टरीत नाव होतं हे सांगा, स्क्रीनशॉट असेल तर द्या, नसेल तर आज अजून नाव दिसतंय का ते बघून तारखेसकट काढून ठेवा. त्यांनी ऐकलं नाही तर तुमचं इन्शुरन्स कार्ड हातात घ्या आणि त्यावर टीडीआय किंवा डीओआय अशी अक्षरं आहेत का बघा. असतील तर तक्रार टेक्सासच्या इन्शुरन्स खात्याकडे जाते. नसतील तर बहुतेक वेळा तुम्ही नोकरी करता ती कंपनीच तो प्लॅन स्वतःच्या पैशाने चालवत असते, तेव्हा केंद्राच्या नो सरप्राइजेस हेल्प डेस्कला कळवा आणि ऑफिसच्या एचआरलाही एक मेल टाका.